बोस्नियात इतिहास कोण सांगतं? संग्रहालयाची पाटी, शाळेची तासिका आणि सहीचा अधिकार

प्रश्न थोडक्यात असा आहे: अनेक वंशांचे लोक राहतात अशा देशात युद्ध होऊन गेलं, तर पुढच्या पिढीची ‘राष्ट्रीय स्मृती’ संग्रहालयं घडवतात की शाळा? आणि बोस्निया-हर्झेगोविनावर प्रबंध लिहायचा, महिनाभर तिथे राहायचं, तर तपासायचं काय?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. दालनात काय मांडलंय आणि पुस्तकात काय छापलंय हे सगळेच बघतात. तुम्ही त्याआधी हे बघा, की मांडायला आणि छापायला मंजुरी कोणाच्या सहीने मिळते, आणि एखाद्या गोष्टीला कोणाचीच सही लागत नसेल तर तिचं काय होतं. बोस्नियातली भांडणं वरवर मजकुराची वाटतात. मुळात ती बहुतेक अधिकाराची आहेत. हे लक्षात न घेतल्यामुळे परदेशी अभ्यासकांचे कित्येक प्रबंध फोटोंच्या अल्बमसारखे झाले आहेत.

१९९२ ते १९९५ या युद्धाचा शेवट डेटन कराराने झाला. वाटाघाटी अमेरिकेतल्या डेटनला झाल्या आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसमध्ये सह्या झाल्या. देशाची राज्यघटना म्हणजे याच कराराचं चौथं परिशिष्ट. त्यानुसार देशाचे दोन घटक झाले: सुमारे ५१ टक्के भूभाग असलेलं फेडरेशन, जिथे मुख्यतः बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट राहतात, आणि ४९ टक्क्यांचं रिपब्लिका सर्प्स्का, जिथे बहुसंख्य सर्ब आहेत. फेडरेशनचे पुन्हा १० कॅन्टन, म्हणजे छोटे प्रांत. ब्रच्को जिल्हा दोन्हींपासून वेगळा. बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब हे ‘घटक समाज’ आणि बाकी सगळे, म्हणजे ज्यू, रोमा आणि स्वतःला नुसतं बोस्नियन म्हणवणारे, ‘इतर’. जो अधिकार घटनेने केंद्राला स्पष्टपणे दिलेला नाही, तो घटकांचा. शिक्षण केंद्राकडे नाही, संस्कृतीही नाही. फेडरेशनमध्ये शिक्षण आणखी खाली, कॅन्टनकडे जातं. त्यामुळे एवढ्याशा देशात अभ्यासक्रम ठरवणारी बारा कार्यालयं आहेत: दहा कॅन्टन, एक सर्प्स्का, एक ब्रच्को. वर समन्वयापुरती दोन मंत्रालयं. केंद्रात शिक्षणमंत्री नाही आणि संस्कृतिमंत्रीही नाही. तो विषय नागरी व्यवहार मंत्रालयाच्या एका कोपऱ्यात असतो.

आता संग्रहालयांकडे या. युद्धापूर्वी बोस्निया हे युगोस्लाव्हियाचं एक प्रजासत्ताक होतं आणि त्याच्या सात मोठ्या सांस्कृतिक संस्था होत्या: राष्ट्रीय संग्रहालय, इतिहास संग्रहालय, कलादालन, साहित्य व नाट्यकला संग्रहालय, राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालय, चित्रपट संग्रह आणि अंधांसाठीचं ग्रंथालय. डेटननंतर त्यांची संस्थापक असलेली जुनी सत्ताच राहिली नाही. नवं केंद्र म्हणालं, संस्कृती आमच्याकडे नाही. सर्प्स्काच्या नेत्यांना या संस्था ‘राष्ट्रीय’ मानणंच नामंजूर, कारण तसं मानलं तर केंद्राचा अधिकार वाढतो. कायद्याने मालक नाही, म्हणून अंदाजपत्रकात कायमची तरतूद नाही. दर वर्षी अनुदानासाठी अर्ज करायचा आणि जे मिळेल त्यात भागवायचं.

याचा परिणाम ४ ऑक्टोबर २०१२ रोजी जगाने पाहिला. १८८८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारावर फळ्या ठोकल्या गेल्या. दोन्ही महायुद्धं आणि १९९२ च्या युद्धात सर्ब सैन्याने राजधानी साराजेव्होला घातलेला वेढा या संस्थेने सोसला होता, पण पगार थांबल्यावर ती बंद पडली. कर्मचारी मात्र बिनपगारी येत राहिले. साफसफाई करत, संग्रहावर पहारा देत. २०१५ च्या उन्हाळ्यात ‘मी संग्रहालय आहे’ नावाची नागरी मोहीम झाली. साधे लोक येऊन एकेक पाळी पहारा देऊ लागले आणि १५ सप्टेंबर २०१५ रोजी दार पुन्हा उघडलं. ‘साराजेव्हो हग्गादा’ ही मध्ययुगीन ज्यू हस्तलिखित पोथी याच संग्रहालयाची. दुसऱ्या महायुद्धात ती नाझींपासून लपवणारे ग्रंथपाल देर्विश कोर्कुत मुस्लिम होते. देशाला सांगता येईल अशी ही सर्वांची मिळून एक गोष्ट. आणि ती जिथे सांगायची, ती इमारत जवळजवळ तीन वर्षं बंद. त्या काळात शाळेत असलेल्या मुलांना ‘राष्ट्रीय’ काहीतरी आहे याचा हाच अनुभव मिळाला, की ते बंद असतं.

त्याच काळात बान्या लुकामधलं सर्प्स्काचं संग्रहालय नियमित चालू होतं. ते १९३० सालचं आहे, व्रबास बानोविना या तेव्हाच्या प्रांताचं म्हणून सुरू झालेलं. त्याला मालक आहे, अंदाजपत्रक आहे, ठरलेल्या शालेय सहली आहेत. त्यातली दुसऱ्या महायुद्धातल्या, क्रोएट फॅसिस्टांनी चालवलेल्या यासेनोव्हात्स छळछावणीवरची मांडणी मुलांना दाखवली जाते. म्हणजे घटकांची स्मृती पगारी आणि देशाची स्मृती मानधनावर. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला सर्वात मोठा परिणाम याच एका विषमतेचा आहे आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला सापडणार नाही.

शाळेत याचं प्रतिबिंब ‘राष्ट्रीय विषयगट’ या व्यवस्थेत दिसतं. युद्धात हुसकावलेली कुटुंबं परत येऊ लागली, तेव्हा त्यांच्या मुलांचं काय, यावर ५ मार्च २००२ रोजी एक अंतरिम करार झाला. मातृभाषा, इतिहास, भूगोल, परिसर अभ्यास आणि धर्मशिक्षण हे विषय पालकांच्या पसंतीच्या अभ्यासक्रमाने शिकवायचे, बाकीचे स्थानिक अभ्यासक्रमाने. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, सामाईक गाभा अभ्यासक्रम मान्य झाला आणि प्राथमिक-माध्यमिक शिक्षणाचा चौकट कायदा आला. हेतू चांगला होता: परतलेल्या मुलाला शाळेत उपरं वाटू नये. पण तात्पुरती सोय कायमची झाली. गणित, भौतिकशास्त्र, व्यायाम एकत्र आणि स्मृती घडवणारे नेमके विषय वेगळे, अशी वाटणी रुजली. शिवाय हा हक्क कागदावर असला तरी पुरेशी मुलं आणि शिक्षक मिळतील तिथेच लागू होतो, आणि पुष्कळदा तिथेही होत नाही. २०१३ मध्ये पूर्व बोस्नियातल्या, सर्प्स्कात असलेल्या कोन्येविच पोल्येच्या बोस्नियाक पालकांनी याच मागणीसाठी शाळेवर बहिष्कार टाकला होता.

फेडरेशनमध्ये जिथे बोस्नियाक आणि क्रोएट दोघेही राहतात, तिथे ‘एका छपराखाली दोन शाळा’ हा प्रकार आहे. ओएससीई या युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात तीन कॅन्टनमध्ये २८ ठिकाणी अशा ५६ शाळा नोंदल्या आहेत. इमारत एक, मुख्याध्यापक दोन, शिक्षकखोल्या दोन, अभ्यासक्रम दोन. कुठे प्रवेशद्वारं वेगळी, कुठे सकाळ-दुपारच्या पाळ्या वेगळ्या. फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा भेदभाव असल्याचा निकाल कायम केला, तरी व्यवस्था हलली नाही. कारण कॅन्टनला निकाल अमलात आणायला लावणारं वर कोणी नाही. मोस्तारचं जुनं जिम्नॅशियम, म्हणजे तिथलं उच्च माध्यमिक विद्यालय, २००४ मध्ये प्रशासकीयदृष्ट्या एक झालं. एक मुख्याध्यापक, एक विद्यार्थी मंडळ, पण अभ्यासक्रम दोनच राहिले. त्याला मी अपयश म्हणणार नाही. एकच दार, एकच मधली सुट्टी आणि एकत्र संगणक तासिका यांनी काहीतरी होतं. मात्र इतिहासाच्या तासाला वर्ग दुभंगतो, ही गोष्टही मुलं रोजच शिकतात.

पाठ्यपुस्तकांचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण इथे भल्या हेतूने केलेल्या चुका सगळ्यात शिकण्यासारख्या आहेत. युद्धानंतरची पहिली काही वर्षं क्रोएट भागात क्रोएशियातली, झाग्रेबची आणि सर्प्स्कात सर्बियातली, बेलग्रेडची पुस्तकं चालत. साराजेव्होत नवी पुस्तकं निघाली ती युद्ध चालू असतानाच, आणि त्यांची भाषा तशीच होती. युरोप परिषदेत प्रवेश हवा, तर पुस्तकं शुद्ध करा, असा दबाव आला. जुलै १९९९ मध्ये ‘आक्षेपार्ह मजकूर’ काढण्याचा करार झाला. नवी पुस्तकं छापायला वेळ नव्हता, म्हणून दोन उपाय: अत्यंत आक्षेपार्ह ओळी काळ्या शाईने पुसायच्या आणि कमी आक्षेपार्ह परिच्छेदाशेजारी शिक्का मारायचा, की या मजकुराची सत्यता सिद्ध झालेली नाही, तो आक्षेपार्ह किंवा दिशाभूल करणारा असू शकतो, त्याची तपासणी चालू आहे. आता पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती असं पुस्तक द्या. तो सगळ्यात आधी काळं केलेलंच पान उघडणार, उजेडाला धरणार, नाहीतर थोरल्या भावाची जुनी प्रत मागणार. काळ्या शाईने मजकूर गेला नाही, उलट ठळक झाला. आणि शिक्षकाच्या हाती त्या जागी द्यायला काहीच नव्हतं. वाक्य काढताना त्या जागेसाठी दुसरं वाक्य तयार हवं, हा धडा तिथला.

दुसरी चूक स्थगितीची. २००० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने शिफारस केली, की अलीकडच्या युद्धाचं अध्यापन तूर्त थांबवावं आणि तिन्ही समाजांच्या इतिहासकारांनी बाहेरच्या मदतीने सामाईक मांडणी तयार करावी. थांबवण्याचा अर्धा भाग सोपा होता, तो झाला. तयार करण्याचा अर्धा भाग झाला नाही. नंतर इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली, भाषा सौम्य झाली, पण १९९२-९५ वर बहुतेक पुस्तकं एक-दोन पानांत किंवा नुसत्या तारखांत आटोपत राहिली. ही पोकळी रिकामी राहिली नाही. ती घराने, मशिदीने-चर्चने, चौकातल्या स्मारकाने आणि टीव्हीने भरली. २०१८ च्या सुमारास दोन्ही बाजूंनी स्थगिती सोडली तेव्हा सामाईक असं काहीच नव्हतं. साराजेव्हो कॅन्टनने वेढा आणि स्रेब्रेनित्साचा नरसंहार (जुलै १९९५ मध्ये सर्ब सैन्याने केलेली बोस्नियाक पुरुष-मुलांची कत्तल) शिकवायला सुरुवात केली. सर्प्स्काने नववीच्या इतिहासात युद्ध आणलं ते ‘संरक्षणात्मक-देशभक्तीपर युद्ध’ म्हणून. एकाच देशातली एकाच वयाची दोन मुलं आज एकाच तीन वर्षांबद्दल दोन वेगळी युद्धं शिकतात.

शाळेची सुट्ट्यांची यादी हाही अभ्यासक्रमच असतो, ती जरूर मागून घ्या. २५ नोव्हेंबर हा राज्यत्व दिन फेडरेशनमध्ये साजरा होतो, सर्प्स्कात नाही. गंमत अशी, की १९४३ मध्ये बोस्नियाचं राज्यत्व जाहीर करणाऱ्या ज्या अधिवेशनाची ही आठवण, ते म्रकोन्यिच ग्रादला भरलं होतं आणि ते गाव आज सर्प्स्कात आहे. सर्प्स्काचा दिवस ९ जानेवारी. घटना न्यायालयाने २०१५ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तरी तो पाळला जातो.

आता पाट्या. संग्रहालयात आणि स्मारकावर क्रियापद आणि कर्ता तपासा. साराजेव्होची ‘व्येचनित्सा’, म्हणजे जुनं नगरभवन, युद्धाच्या वेळी राष्ट्रीय ग्रंथालय होतं. २५-२६ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तोफगोळ्यांनी ते जळालं. दुरुस्त होऊन मे २०१४ मध्ये उघडलेल्या या इमारतीवरची पाटी सांगते, की ‘सर्ब गुन्हेगारांनी’ आग लावली. याच्या अगदी उलट टोकाची पाटी शहरावरच्या ट्रेबेविच डोंगरात काझानीला आहे. वेढ्याच्या काळात बोस्नियन सैन्याच्याच दहाव्या पहाडी ब्रिगेडमधल्या लोकांनी तिथे सर्ब आणि इतर नागरिकांना मारून दरीत टाकलं. ब्रिगेडचा कमांडर मुशान टोपालोविच, टोपणनाव ‘त्सात्सो’. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे स्मारक झालं. त्यावर बळींची नावं आहेत, मारणारे कोण ते नाही. त्यावरून टीकाही झाली. म्हणजे आपल्या वेदनेच्या पाटीवर अख्ख्या समाजाचं नाव कर्ता म्हणून येतं आणि आपल्या अपराधाच्या पाटीवर कर्ताच गळतो. हा नमुना तिन्ही बाजूंना सापडतो. सर्प्स्कात प्रियेदोरजवळ त्रनोपोल्येला जिथे बोस्नियाक आणि क्रोएट नागरिकांना कोंडलं होतं, त्या छावणीच्या इमारतीसमोर सर्ब सैनिकांचं स्मारक उभं आहे. छावणीची खूण नाही. सर्प्स्कातल्याच व्हिशेग्रादच्या मुस्लिम कब्रस्तानातल्या स्मारकावरचा ‘नरसंहार’ हा शब्द २०१४ मध्ये प्रशासनाने यंत्राने घासून काढला.

मग पाटी कशी असावी? समाजाचं नाव नको, तुकडीचं नाव हवं. उदाहरणार्थ साराजेव्होच्या वेढ्यावर लिहायचं, तर ‘सर्बांनी शहर वेढलं’ असं नाही, तर रिपब्लिका सर्प्स्काच्या सैन्याच्या साराजेव्हो-रोमानिया कोअरने (रोमानिया हा इथे देश नव्हे, साराजेव्होजवळचा डोंगर), आणि पुढे: तिचे कमांडर स्तानिस्लाव्ह गालिच आणि त्यांच्यानंतरचे द्रागोमिर मिलोशेविच यांना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने नागरिकांमध्ये दहशत पसरवल्याबद्दल दोषी ठरवलं. असं लिहिलं की दोन गोष्टी साधतात. वेढ्यात शहरातच राहिलेल्या हजारो सर्ब नागरिकांना पाटीवर आरोपी व्हावं लागत नाही. आणि ‘हा तुमचा प्रचार’ म्हणणाऱ्याला निकालपत्राशी भांडावं लागतं, मार्गदर्शकाशी नाही. लांबी साठ-सत्तर शब्दांच्या पुढे नको. तुकडी, तारीख, ठिकाण, निकाल आणि बळींच्या संख्येचा निकष, एवढं त्यात बसतं.

संख्येचा निकष ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. युद्ध चालू असताना दोन लाख, अडीच लाख मृत असे आकडे फिरत. नंतर साराजेव्होच्या संशोधन व दस्तऐवज केंद्राने नावानिशी यादी केली. मिर्साद तोकाचा त्याचे प्रमुख. छापील यादीत मृत व बेपत्ता मिळून ९५,९४० नावं आहेत. आकडा निम्म्यावर आला म्हणून बोस्नियाक बाजूनेच आधी राग व्यक्त झाला. दुसरीकडे यासेनोव्हात्सचं बघा. क्रोएशियातल्या स्मारकाच्या नावानिशी यादीत ८३,१४५ नावं आहेत. साव्हा नदी ओलांडून बोस्नियाच्या बाजूला दोन्या ग्रादिनाला गेलात, तर फलकावर ७,००,००० दिसतं. हा युगोस्लाव काळातला अंदाज. एकाच छावणीचे दोन काठ, आठपटींहून अधिक फरक. शाळेची सहल कुठल्या काठावर जाते, यावर मुलाच्या डोक्यातला आकडा ठरतो. याच्या उलट चांगलं उदाहरण पोतोचारीचं. स्रेब्रेनित्सा स्मारकाच्या शिळेवर ८३७२ कोरलंय आणि पुढे तीन टिंबं आहेत. शोध आणि ओळख पटवणं चालू आहे, आकडा बंद झालेला नाही, हे त्या टिंबांतून कळतं.

पोतोचारी हे अधिकाराच्या मुद्द्याचंही उत्तम उदाहरण. स्मारक सर्प्स्काच्या हद्दीत आहे. २००७ मध्ये त्या वेळचे उच्च प्रतिनिधी, म्हणजे शांतता करारावर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय अधिकारी, क्रिस्टियान श्वार्त्स-शिलिंग यांनी ते थेट केंद्रीय संस्था केलं. म्हणून ते टिकलं आणि वाढलं. पण शाळा सर्प्स्काकडेच राहिली. स्रेब्रेनित्सात शिकणारं मूल स्मारकापासून काही किलोमीटरवर राहतं आणि त्याच्या पुस्तकात हेगच्या न्यायाधिकरणाने व आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जो नरसंहार ठरवला, तो त्या शब्दात नाही. नरसंहार नाकारणं गुन्हा ठरवणारी दुरुस्ती उच्च प्रतिनिधी व्हॅलेंटिन इन्झ्को यांनी जुलै २०२१ मध्ये लादली. भाषणं थोडी जपून होऊ लागली असतील, पण अभ्यासक्रम कायद्याच्या धाकाने बदलला नाही.

वस्तूंवर आधारलेल्या संग्रहालयांबद्दल माझं मत थोडं सावध आहे. साराजेव्होचं ‘युद्धातलं बालपण’ हे संग्रहालय जानेवारी २०१७ मध्ये उघडलं आणि २०१८ चं युरोप परिषदेचं संग्रहालय पारितोषिक त्याला मिळालं. पद्धत साधी आणि कडक: वस्तू देणारा माणूस तेव्हा लहान होता, वस्तू त्याची, आणि सोबतचा मजकूर त्याच्याच शब्दांत. वंश लिहीत नाहीत. म्हणून तिथे कोणत्याही बाजूचं मूल संकोच न करता उभं राहू शकतं, आणि हे थोडं नाही. इतिहास संग्रहालयातली ‘वेढलेलं साराजेव्हो’ ही २००३ पासूनची मांडणीही अशीच: पत्र्याच्या घरगुती चुली, दिवे, मदतीच्या डब्यांची वेष्टनं, १४२५ दिवसांचं जगणं. पण अशा मांडणीत ‘काय सोसलं’ येतं, ‘कोणी आणि का’ ते सुटतं. शिक्षकांना ती आवडते त्याचं एक कारण हेच, की भांडण होत नाही. तेव्हा तिला सुरुवात माना. तिथून मुलं बाहेर आली की दुसऱ्या दिवशीची तासिका न्यायालयीन कागदांची हवी.

इतिहास संग्रहालयाच्या मागे नदीकडे गेलात, तर मदतीतल्या गोमांसाच्या डब्याचं मोठं शिल्प दिसेल, २००७ मधलं. आंतरराष्ट्रीय समुदायाला ‘कृतज्ञ नागरिकांकडून’. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेची स्मृती तिथे अशी डब्यात उरली आहे. या सेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, मार्च १९९२ ते मार्च १९९३ या काळात. भारताशी असलेला हा धागा प्रबंधात तळटीप म्हणून तपासून बघण्यासारखा आहे.

वर्गात काय चालतं? बाल्कनमध्ये सगळ्यात टिकाऊ काम थेस्सालोनिकीच्या लोकशाही व समेट केंद्राच्या ‘संयुक्त इतिहास प्रकल्पा’ने केलं. २००५ पासून त्यांनी सामाईक कथन लिहिण्याचा नाद सोडला आणि पुराव्यांच्या कार्यपुस्तिका काढल्या: ऑटोमन साम्राज्य, राष्ट्रं आणि राज्यं, बाल्कन युद्धं, दुसरं महायुद्ध. २०१६ मध्ये शीतयुद्ध आणि १९९० नंतरची युद्धं असे आणखी दोन खंड आले. ४५ मिनिटांच्या तासिकेत चारच्या वर पुरावे झेपत नाहीत. एक आदेश किंवा कागद, एक साक्ष, एक वर्तमानपत्री कात्रण, एक छायाचित्र. प्रत्येक अर्ध्या पानाच्या आत. मुलांनी आधी कोणी, कधी, कोणासाठी लिहिलं ते भरायचं, मत नंतर. उलट क्रम केला, की पहिल्या दहा मिनिटांत वर्ग घरून आणलेल्या मतांवर फाटतो आणि पुरावे कोणी वाचत नाही.

इथे एक सापळा आहे. ‘अनेक दृष्टिकोन’ या नावाखाली सिद्ध झालेली वस्तुस्थितीही मतासारखी मांडली जाते: एक गट म्हणे नरसंहार, दुसरा गट म्हणे नाही, मुलांनो तुम्ही ठरवा. हे अध्यापन नव्हे. न्यायालयाने पुराव्याने ठरवलेलं सत्य वादाबाहेर ठेवायचं. दृष्टिकोन अनुभवांचे, कारणांचे, शेजाऱ्याने त्या वेळी काय केलं किंवा केलं नाही याचे असतात. तिन्ही समाजांना भिंतीवर सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या देणारी प्रदर्शनंही याच सापळ्यात सापडतात. त्यात ‘इतर’ तर येतच नाहीत.

बाकी अडचणी अगदी व्यवहाराच्या आहेत. प्रकल्पाचा पैसा दोन-तीन वर्षांचा असतो. तो संपला, की पुस्तिका कपाटात जातात. मंजूर यादीत नसलेलं साहित्य वापरणाऱ्या शिक्षकाला शाळा-निरीक्षकाची भीती असते. ती खोटी नाही, म्हणून कॅन्टनकडून ‘पूरक साहित्य’ असा लेखी शेरा आधी घ्यावा लागतो. सहलीची बस कोण देणार हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मुलं कुठल्या स्मारकावर जातात ते बहुतेक त्यानेच ठरतं.

तुलनेसाठी दोनच देश घ्या, जास्त नकोत. लेबनॉनमध्ये १९८९ च्या ताइफ कराराने सामाईक इतिहासपुस्तकाचं वचन दिलं, ते अजून आलेलं नाही. बैरुतचं राष्ट्रीय संग्रहालय शहर दुभंगणाऱ्या रेषेवरच होतं. युद्धात मोरिस शेहाब यांनी मोठे पुरावशेष काँक्रीटमध्ये बंदिस्त करून वाचवले. आज दालनांत प्राचीन काळ भरपूर आहे. युद्ध आहे ते फक्त वस्तू कशा वाचवल्या या गोष्टीपुरतं. रवांडात उलट: अधिकार एकाच हाती. १९९४ नंतर शाळांत इतिहासाचं अध्यापन काही वर्षं थांबलं, ओळखपत्रावरची वांशिक नोंद गेली, २००४ मध्ये किगालीचं स्मारक उघडलं आणि एकच अधिकृत कथन आलं. बोस्नियात बारा सह्यांचा जो त्रास, तोच रवांडात एका सहीचा. प्रश्न विचारायला जागा दोन्हीकडे कमी.

आता तुमचा महिना. साराजेव्होत आठवडाभरच थांबा. तिथे साहित्य भरपूर आहे, म्हणूनच सगळे तिथेच अडकतात. एक आठवडा बान्या लुका आणि दोन्या ग्रादिना. उरलेला वेळ यायत्से या छोट्या गावाला द्या. २९ नोव्हेंबर १९४३ रोजी इथेच कम्युनिस्ट नेते टिटो यांच्या नाझीविरोधी प्रतिकार चळवळीच्या मंडळाचं दुसरं अधिवेशन भरलं आणि संघराज्य युगोस्लाव्हियाचा पाया घातला गेला. ते सभागृह आता संग्रहालय आहे. आणि याच गावात २०१६-१७ मध्ये बोस्नियाक मुलांसाठी वेगळी माध्यमिक शाळा काढण्याच्या प्रस्तावाविरुद्ध बोस्नियाक आणि क्रोएट विद्यार्थी मिळून रस्त्यावर आले. प्रस्ताव थांबला. २०१८ चा माक्स फान डेर स्टूल पुरस्कार त्या विद्यार्थ्यांना मिळाला. संग्रहालय आणि शाळा पायी अंतरावर, अशी जागा देशात दुसरी क्वचितच मिळेल.

तिथे चार गोष्टी गोळा करा. संग्रहालयाचा संस्थापक कोण, हे राजपत्रातून. नववीच्या दोन्ही अभ्यासक्रमांतली मंजूर इतिहासपुस्तकं, आवृत्ती आणि वर्षासह. जुन्या आवृत्त्या गावच्या ग्रंथालयात मागा, शाळेत ठेवत नाहीत. विसाव्या शतकाला दिलेल्या तासिकांची संख्या, आणि त्यातल्या खरोखर किती झाल्या ते वर्गाच्या नोंदवहीतून, कारण युद्धाचा पाठ वर्षाच्या शेवटी असतो आणि तो मे महिन्यात ‘वेळेअभावी’ राहतो. चौथी गोष्ट, गेल्या पाच वर्षांतल्या सहलींची यादी: कुठली शाळा, कुठलं स्मारक, खर्च कोणाचा. मुलाखती शेवटच्या आठवड्यात घ्या. ही यादी हातात असली, की शिक्षकही सर्वसाधारण सदिच्छा सांगत बसत नाहीत, थेट त्या सहलीबद्दल बोलतात. वर्गात बसायचं असेल तर नुसती मुख्याध्यापकांची परवानगी पुरत नाही, कॅन्टनच्या शिक्षण मंत्रालयाचं पत्र लागतं. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा.